खाज परत परत येतेय? ट्यूब आणायच्या आधी हे ऐका

नमस्कार, मी कोल्हापुरातून बोलतेय. आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचंय ते बायका दवाखान्यात सगळ्यात शेवटी सांगतात. आधी गुडघे, मग अॅसिडिटी, आणि उठता उठता हळूच, "मॅडम, खाली लई खाज सुटते, अंगावरून पांढरं जातंय."

खाज, आग, दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जाणं. हे वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं, तर ते वारंवार होणारं यीस्ट इन्फेक्शन. बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. ती कित्येक निरोगी बायकांच्या योनीमार्गात एरवीही असतेच, फक्त कधीकधी बेसुमार वाढते. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की असं होऊ शकतं. त्यामुळे तुम्ही अस्वच्छ आहात, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. आतून साबण किंवा जंतुनाशक लावून धूत असाल, तर ते मात्र आजच बंद करा. आणि नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊन घरात भांडणं नकोत. हा आजार साधारणपणे संबंधातून आलेला मानत नाहीत.

आता ट्यूबचं. मेडिकलमध्ये नुसतं "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेली हातात पडते. दोन दिवस बरं वाटतं, पण स्टेरॉइडनं बुरशी मरत नाही, आणि सतत लावलं तर कातडी पातळ होते. शिवाय प्रत्येक पांढरं जाणं बुरशीचं नसतं. पातळ, करडं, माशासारखा वास येणारं असेल तर ते वेगळं इन्फेक्शन, त्याचं औषधही वेगळं. म्हणून स्वॅब (आतला स्राव कापसाच्या काडीवर घेणं) आणि कल्चर (तो लॅबमध्ये वाढवून कोणती बुरशी ते बघणं) करा. कॅन्डिडाची ग्लाब्राटा नावाची एक जात फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या गोळीला नीट दाद देत नाही, ते कल्चरमध्येच कळतं.

सोबत शुगर तपासाच. डायबेटिस आहे हे काही जणींना या खाजेमुळेच कळतं. आणि डायबेटिसची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी चालू असेल तर नीट ऐका. या गोळ्या जादाची साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि तिथं बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ती हृदयाला आणि किडनीलाही जपते. डॉक्टरांना सांगा, पर्याय ते बघतील.

उपचार लांबतो, हे आधीच सांगते. साधारण फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, मग आठवड्याला एक, सहा महिने. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. खाज थांबली म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडू नका. दिवस गेले असतील तर ही गोळी नको, त्यासाठी आत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम असतं.

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जा नाहीतर नेहमीच्या डॉक्टरांकडे, आधी वापरलेल्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. आणि आत गेल्यावर गुडघ्याआधी हेच सांगा.