टॉवरचे कान

श्रोतेहो, नमस्कार.

माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणारं प्रक्षेपण केंद्र फक्त बोलतं. माझं एखादं वाक्य पटलं नाही म्हणून तुम्ही घरात कितीही ओरडलात तरी इकडे काही कळायचं नाही. मोबाइलच्या टॉवरची मात्र तशी सुटका नाही. त्याला बोलावंही लागतं आणि ऐकावंही लागतं. त्यातलं अवघड काम ऐकण्याचं.

फोर-जीच्या टॉवरवरचं यंत्र साधारण २० ते ४० वॉट शक्तीनं बोलतं. तुमच्या हातातला फोन फार तर ०.२ वॉटनं. भिंती, झाडं, डोंगर ओलांडून ती लहर टॉवरपाशी पोहोचते तेव्हा वॉटचा दहा लाख कोटीवा भाग उरलेला असू शकतो, आणि तेवढाही पकडता यावा अशी ती यंत्रं बांधलेली असतात. कधी कधी रेंजच्या काड्या दिसतात, तरी फोन लागत नाही, त्याचं एक कारण हेच. टॉवरचं तुम्हाला ऐकू येतंय, तुमचं त्याला नाही.

पूर्वी रेडिओयंत्र टॉवरच्या पायथ्याशी खोलीत असायचं आणि वरच्या अँटेनापर्यंत जाडजूड केबल जायची. बरीचशी शक्ती त्या केबलमध्येच विरायची. आता रेडिओचा डबा अँटेनाच्या पाठीशीच टांगतात आणि खाली फक्त ऑप्टिकल फायबर व विजेची तार येते. लांबट पांढऱ्या पेट्या दिसतात त्या अँटेना. बहुतेक ठिकाणी त्या तीन दिशांना असतात, प्रत्येकीकडे १२० अंशांचा मुलूख. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्ह-जी सुरू झालं, तेव्हापासून काही टॉवरांवर रुंद चौकोनी पेट्याही आल्या. त्यांतल्या काहींत बोलायला ६४ आणि ऐकायला ६४ वाटा असतात.

टू-जीची एक गंमत सांगतो. तिथे एका लहरीवर आठ फोन पाळीपाळीनं बोलतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. लांबचा आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून टॉवर त्या फोनला थोडं आधी बोलायला सांगतो. पण ही सवलत साधारण ३५ किलोमीटरपर्यंतच. कोकण किनाऱ्यावरून खोल समुद्रात गेलेल्या होडीला उंच डोंगरावरचा टॉवर अगदी नीट ऐकू येत असला, तरी त्यापलीकडून केलेला फोन नेहमीच्या मांडणीत लागत नाही. तो बोलेपर्यंत पाळी निघून गेलेली असते.

किरणोत्सर्गाच्या भीतीनं सोसायटीत टॉवर नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींवर आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू झाली, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. शिवाय टॉवर लांब गेला की कानाला लावलेल्या फोनलाच जास्त जोर लावावा लागतो. बॅटरी भराभर उतरते ती त्यामुळेही.

एवढं सगळं चालतं ४८ व्होल्टच्या डीसी विजेवर. मुख्य वीज गेली की बॅटऱ्या काही तास तग धरतात, पुढे जनरेटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि वीज गेली, तारा तुटल्या, गावंच्या गावं संपर्काबाहेर गेली. अशा वेळी टॉवर जागेवर उभा असूनही उपयोग नसतो. रस्त्यावर झाडं आडवी असली की डिझेल पोहोचत नाही. डिझेल असलं आणि टॉवरला पुढच्या जाळ्याशी जोडणारं फायबर तुटलेलं असलं, तर टॉवरनं ऐकलेलं पुढे पोहोचवायचं कुठून? माझ्या मते आपण टॉवर किती, हेच मोजत बसतो. किनाऱ्यावरच्या टॉवरची बॅटरी किती तास टिकते आणि त्याला दुसरी जोडवाट आहे का, हे पावसाळ्याआधी विचारायला हवं.

आणि घाटात कधी अडकलात, स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसलं, तर फोन खिशात ठेवू नका. तुमच्या कंपनीचा टॉवर आवाक्यात नाही, पण दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा आहे, असा बहुधा त्याचा अर्थ. ११२ लावा. तो कॉल परक्या टॉवरनंही घ्यावा, अशीच मोबाइलची रचना आहे. लागला नाही तर दरीच्या मोकळ्या बाजूला, शक्य तितक्या उंचावर या आणि पुन्हा लावा.