खाड्यानंतरचा दिवस

नमस्कार. कार्यक्रम सहाचा होता, आता सहा वीस झालेत आणि दारातून अजून माणसं आत येतायत. आजचा विषय एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूची अवस्था, आणि ती असताना ध्येयं कशी गाठायची. त्याला हे साजेसंच आहे. पत्रिकेवर सहा छापायचं आणि साडेसहाला सुरू करायचं, असं मी संयोजकांना आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे तशी मी दहा मिनिटं लवकरच सुरुवात करतोय.

ध्येय कसं ठरवावं, हे मी आज सांगणार नाही. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसाइतकी ध्येयं दुसरं कुणी ठरवतच नाही. पाडव्याला व्यायाम, जूनमध्ये जर्मनची शिकवणी, दिवाळीपासून घरखर्चाचा हिशेब. कपाटात डायऱ्यांची चळत, प्रत्येकीची पहिली चार-पाच पानं सुवाच्य अक्षरात भरलेली. घरच्यांनी ‘आरंभशूर’ म्हणून शिक्का मारलेला असतो आणि तो आपण मान्यही केलेला असतो.

निदानाबद्दल थोडक्यात. जगभरच्या पाहण्यांमध्ये शंभरातल्या अडीच-तीन प्रौढांना हा त्रास असल्याचं दिसतं. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. गेल्या वर्षी नोकरी बदलली आणि तेव्हापासून लक्ष लागत नाही, एवढ्यावर निदान होत नाही. रील बघून तर नाहीच. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आईला किंवा मोठ्या भावंडाला सोबत न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही न्या.

आता मुद्द्याकडे येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली अनेक वर्षं एक गोष्ट मांडत आले आहेत. एडीएचडीत माणसाचं माहितीपाशी अडत नाही, ती माहिती योग्य क्षणी वापरण्यापाशी अडतं. चालण्याचे फायदे तुम्हाला ठाऊक आहेत. प्रबंधाचं कुठलं प्रकरण राहिलंय, तेही ठाऊक आहे. म्हणून मदत लागते ती जिथे काम व्हायचं त्या जागी आणि त्या वेळी. या सभागृहात पटलेलं उद्या सकाळी सात वाजता तुमच्या घरी पोचेलच असं नाही. तेव्हा माझं बोलणं लिहून घेऊ नका, ती वही हरवणार आहे. घरी जाऊन एक वस्तू हलवा. चालायचं असेल तर बूट चपलांच्या कपाटातून काढून मोरीच्या दाराशी ठेवा, म्हणजे दात घासून बाहेर पडताना पायात येतील. कपाट बंद झालं की आतली वस्तू आपल्यापुरती संपलेली असते.

दुसरी अडचण वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. आपल्यासारख्या एडीएचडीवाल्यांकडे काळाचे दोनच कप्पे असतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. प्राप्तिकराच्या विवरणपत्राचं उदाहरण घ्या. पगारदारांना मुदत साधारण ३१ जुलैपर्यंत असते. एप्रिलमध्ये ही तारीख ‘नंतर’ असते, मेमध्येही असते, १५ जुलैलाही असते. ३० तारखेच्या रात्री ती अचानक ‘आत्ता’ होते आणि हाच माणूस पहाटे चारपर्यंत बसून सगळं हातावेगळं करतो. घरचे म्हणतात, बघा, मनात आणलं की जमतं! पण मनात तर ते एप्रिलपासून होतंच. तारीख अंगावर आल्यावर मेंदूला हवी ती चालना मिळाली, इतकंच. आणि तारीख चुकली तर पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क बसतं, म्हणजे धाकही होता.

वैयक्तिक ध्येयाला ३१ जुलै नसतो. वजन कमी केलं नाही म्हणून कुणी दंड लावत नाही. कथासंग्रह पूर्ण झाला नाही म्हणून नोटीस येत नाही. त्यामुळे ऑफिसची कामं कशीबशी वेळेत जातात आणि आपल्याला मनापासून हवी असलेली गोष्ट दहा-दहा वर्षं ‘नंतर’मध्ये पडून राहते. मग माणूस असा निष्कर्ष काढतो की आपल्याला ती खरी हवीच नव्हती. हा निष्कर्ष चुकीचा असतो आणि फार दुखावणारा असतो.

तारीख नसेल तर ती बाहेरून आणावी लागते, आणि तिच्यासोबत माणूसही लागतो. आपल्याकडे याच्या जुन्या सोयी आहेत. एकटीनं बचत न जमणाऱ्या कितीतरी बायका भिशीचा हप्ता चुकवत नाहीत, कारण ठरलेल्या दिवशी बाकीच्या जणी वाट बघत असतात. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसतात. खोलीवर टेबल असतं, दिवा असतो, शांतताही असते. पैसे मोजायचे ते शेजारी कुणीतरी मान खाली घालून वाचतंय म्हणून. एडीएचडीच्या जगात याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. त्यावर ठोस संशोधन अजून थोडंच आहे, पण ज्यांना लागू पडतं ते सोडत नाहीत. ठाण्यातला माणूस आणि न्यू जर्सीतली त्याची बहीण व्हिडिओ कॉल लावून, आवाज बंद करून आपापलं काम करत बसले तरी चालतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं काम इथे उपयोगी पडतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायचा होता. तो नेमका कुठे आणि कधी लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवून नोंदवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो लिहिला. बाकीच्यांतल्या निम्म्यांनीही लिहिला नाही. ते विद्यार्थी एडीएचडीचे नव्हते, पण ‘जर अमुक झालं तर मी तमुक करीन’ ही पद्धत पुढे एडीएचडी असलेल्या मुलांवरही तपासली गेली आणि उपयोगी ठरली. ‘रोज लिहायचं’ हे वाक्य हवेत राहतं. ‘कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत ओट्याशी उभं राहून तीन ओळी लिहायच्या’ या वाक्याला जागा आहे, वेळ आहे आणि घड्याळही आहे.

आणि आता खाडा. खाडा पडणारच. पाहुणे येतील, ताप येईल, किंवा काहीच होणार नाही आणि तरीही तुम्ही विसराल. सलग किती दिवस झाले ते मोजणारी अ‍ॅप्स मला आपल्यासाठी घातक वाटतात. तेवीसचा आकडा शून्य झालेला दिसला की माणूस अ‍ॅप काढून टाकतो आणि ध्येयही. एका चुकलेल्या दिवसानं फारसं काही बिघडत नाही. त्या दिवसाची लाज वाटून आपण पुढचे तीन महिने तिकडे फिरकत नाही, तिथे खरं बिघडतं. म्हणून परतायची तजवीज सुरुवातीलाच करा, डोकं ठिकाणावर असताना. ‘खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी फक्त बूट घालून फाटकापर्यंत जाऊन यायचं.’ इतकं सोपं की नाही म्हणायला संकोच वाटावा. राहिलेले दिवस भरून काढायचे नाहीत. रविवारी दुप्पट चालीन म्हणणारा माणूस रविवारी घरीच असतो.

औषधांबद्दल सगळेच विचारतात. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतं, त्यामुळे ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दरेक दुकानात असतंच असंही नाही. साधी गोळी काही तास टिकते. अ‍ॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. अनेकांना औषधानं खरोखर फरक पडतो. पण लक्ष लागायला लागलं की ते कुठेही लागतं, कपाट आवरण्यातसुद्धा. बूट कुठे ठेवायचे, ते गोळी ठरवत नाही.

सोबत आलेल्या नवऱ्यांना, बायकांना एक विनंती. ‘झालं का?’ विचारू नका. या प्रश्नाची दोनच उत्तरं असतात आणि त्यातलं एक भांडण असतं. त्यापेक्षा ‘मी इथे भाजी निवडत बसते, तू फाइल घेऊन ये’ म्हणा.

तुम्ही प्रश्न लिहून पाठवलेल्या चिठ्ठ्यांतली शेवटची वाचतो. ‘ऑफिसात सांगावं का?’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे निदान सांगून हाती काय लागेल ते साहेबाच्या स्वभावावर ठरेल. निदान न सांगताही गरज सांगता येते. महिनाअखेरीचं काम हातात आलं की त्याच दिवशी साहेबांना विचारा, ‘येत्या मंगळवारी अर्धा मसुदा दाखवू का?’ ते हो म्हणाले की त्यांच्यासमोरच कॅलेंडरमध्ये टाका.