अंगात सोडलेलं लोह

[दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, पावसाळा. सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, भिंतीवर कानडी फलक, कोपऱ्यात ओल्या छत्र्या.]

निवेदन:
सलाईनच्या बाटलीत दोन अँप्यूल फोडून घातली की सगळं पाणी तपकिरी होतं. जांबोटी-कणकुंबीकडून आलेल्या गरोदर बाईला ही बाटली लावतात आणि सांगतात, रक्त वाढायचं इंजेक्शन आहे. सांगतात ते खोटं नाही. पण बाटलीत लोहाचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण आहेत, हे तिला कुणी सांगत नाही. नॅनो म्हटलं की आपल्याला परदेशातली प्रयोगशाळा दिसते, फार तर टाटांची गाडी.

[दृश्य: अँप्यूलवरचं लेबल जवळून. आयर्न सुक्रोज.]

निवेदन:
मधे लोहाचा गाभा, जेमतेम काही नॅनोमीटरचा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. भोवती साखरेच्या जातीच्या रेणूंचं वेष्टन. रक्तातली एक तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते, त्यावरून अंदाज घ्या. गाभ्यातलं लोह रसायनशास्त्राच्या दृष्टीनं गंजाच्याच कुळातलं.

हे लोह उघडं रक्तात सोडलं, तर पेशींची नासधूस करील. वेष्टनामुळं ते यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींपर्यंत बिनबोभाट पोचतं. त्या पेशी कण गिळतात आणि आतलं लोह बेताबेतानं बाहेर देतात. पूर्वी आयर्न डेक्स्ट्रान नावाचं शिरेतून द्यायचं लोह मिळायचं. त्यातल्या जड रेणूंच्या प्रकारानं काहींना अ‍ॅलर्जीचा जीवघेणा झटका यायचा, म्हणून डॉक्टर शिरेतून लोह द्यायला कचरत. पुढं वेष्टन बदललं आणि धोका उतरला. लोह तेव्हाही तेच, आताही तेच.

[दृश्य: भाताच्या खाचरात रोप लावणी. त्यावर आकडे उमटतात.]

निवेदन:
थोडा हिशेब करू. एक सेंटिमीटरचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. तोच घन 10 नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर पृष्ठभाग होतो 600 चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. वजन मात्र रतिभरही वाढलेलं नाही.

या सहा गुंठ्यांवर रक्तातली प्रथिनं येऊन चिकटतात. कारखान्यातून निघालेला कण कितीही साफसुथरा असो, रक्तात शिरल्यावर त्याच्या अंगावर प्रथिनांचा थर चढतो, आणि शरीर ओळखतं ते त्या थराला. त्यामुळं ‘लोह चांगलं का?’, ‘सोनं चालतं का?’ असे प्रश्न इथं अपुरे पडतात. केवढा कण, कसलं वेष्टन, किती मात्रा, कोणत्या वाटेनं दिला? आणि काम झाल्यावर तो जातो कुठं?

साधारण सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडू शकतात. मोठे बहुतेक यकृतात आणि प्लीहेत अडकतात. लोहाचं बरं असतं, शरीराला त्याची सवय आहे. ते हिमोग्लोबिनमध्ये खपून जातं. सगळ्याच धातूंना शरीरात असं काम मिळत नाही.

[दृश्य: जुनी, काळीपांढरी एक्स-रे चित्रं.]

निवेदन:
इथं थोरोट्रास्टची गोष्ट सांगायलाच हवी. 1930 ते 1950 च्या दशकांत एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून हे द्रव्य टोचत. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. चित्र सुरेख यायचं, रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जायचा, त्रास काही नाही. डॉक्टर खूश. पण थोरियम किरणोत्सारी, आणि कण यकृतातून हलायला तयार नाहीत. वीस-तीस वर्षांनी त्याच माणसांना यकृताचे कर्करोग झाले. टोचल्यावर आठवडाभर लक्ष ठेवून हे कळणं शक्यच नव्हतं.

म्हणून आज नॅनोऔषध तपासताना ते शरीरात किती दिवस राहतं, हा प्रश्न टाळता येत नाही. तपासण्याही फसवतात: काही कण चाचणीतल्या रंगाशीच झोंबतात आणि उत्तर चुकतं, कधी कणाला दोष लागतो आणि खरा अपराधी असतो त्याला चिकटून आलेलं जिवाणूंचं विष. भारतात नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं आली 2019 मध्ये. उशिराच, पण आली.

[दृश्य: शहापूर. पुष्य नक्षत्र, सुवर्णप्राशनासाठी मुलांची रांग.]

निवेदन:
बेळगावात पुष्य नक्षत्राला मुलांना सुवर्णप्राशनाचे, म्हणजे सोन्याचं भस्म घातलेल्या औषधाचे थेंब देतात. सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे कण सापडतात, हे आधुनिक उपकरणांनी दिसलं आहे. त्यावर कुणी ‘बघा, पूर्वजांना नॅनो ठाऊक होतं’ म्हणतं, कुणी ‘विष आहे’ म्हणतं. दोन्ही बाजूंना घाई झालेली. भस्म कुठं बनलं, कणांचा आकार काय, त्यात पारा-शिसं किती, हे प्रत्येक बॅचला मोजावंच लागेल. जुनेपणा हे काही मोजमाप नव्हे. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे, म्हणजे हे बोलणं अगदी हवेत नाही.

[दृश्य: पुन्हा दवाखाना. कॉटवर एक गरोदर बाई, शेजारी आशा कार्यकर्ती.]

ध्वनी:
“आशाताई, लोखंड सोडत्यात म्हणं अंगात. बाळाला काय हुणार न्हाई न्हवं?”
“लोखंड न्हवं ओ वैनी, औषध हाय ते. पयल्या तीन म्हयन्यांत देतच न्हाईत. तुमास्नी सहावा लागलाय की.”

निवेदन:
ताईंचं उत्तर बरोबर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. गोळ्यांनी मळमळतं, मग त्या डब्यातच राहतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ‘रॅपिडआयर्न’ चाचणी हाती घेतली ती यासाठीच: रोजच्या गोळ्या एका बाजूला, शिरेतून एकदाच दिलेलं लोह दुसऱ्या बाजूला. कर्नाटक आणि राजस्थानातल्या 4,320 बायकांचा आराखडा होता.

शिरेतलं लोह बेफिकीरीनं द्यायचं औषध नव्हे. युरोपच्या औषध संस्थेनं 2013 मध्ये सांगितलं: झटका सावरायची सोय असेल तिथंच द्या, दिल्यावर निदान अर्धा तास बाईवर नजर ठेवा, आणि आधी थेंबभर देऊन पाहिलं म्हणून निर्धास्त राहू नका. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या शिरेतून द्यायच्या दुसऱ्या लोहानं काहींच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं. त्याचा थकवा रक्तक्षयाच्या थकव्याइतकाच खरा असतो, आणि मग पुन्हा लोहच द्यावं असं वाटू लागतं.

ब्रँडचंही बघायला हवं. नाव ‘आयर्न सुक्रोज’च, पण बनवायची रीत बदलली की कण बदलतो. फ्रान्समध्ये डायलिसिसच्या रुग्णांना मूळ औषधाऐवजी त्याची नक्कल दिली, तेव्हा हिमोग्लोबिन घसरलं आणि लोह जास्त द्यावं लागलं. 2011 मध्ये हे छापून आलं. म्हणून तायी कार्डावर, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदकार्डावर, नुसतं ‘आयर्न’ लिहून भागणार नाही. कंपनी, बॅच नंबर, मात्रा, तारीख एवढं लिहून घ्या. आणि औषधासोबतचा इंग्रजी कागद बाईला तिच्या मराठीत कुणीतरी वाचून दाखवा, सुई टोचायच्या आधी.