मुलताईचे दोन थेंब

गेल्या आठवड्यात रावेरकडच्या एका केळीच्या बागेत उभा होतो. घड भरलेले, खांबांना टेकू दिलेले. पावसाची शक्यता चाळीस टक्के, असा आम्हा हवामानवाल्यांचा अंदाज होता. बागेचे मालक नाना म्हणाले, "सर, ते तुमचे चाळीस टक्के ऱ्हाऊ द्या. पाणी येईन का नाही, तेवढं सांगा." नाना आज पहिल्याच रांगेत बसलेत, त्यामुळे मला पळवाट नाही.

आपली तापी मुलताईला उगम पावते. वर्धा नदीही त्याच तालुक्यातली. तिथल्या पठारावर, अगदी पाणलोटाच्या धारेवर, दोन थेंब पडले; मध्ये वीतभर अंतर. एक तापीत उतरला, भुसावळवरून सुरतेला, अरबी समुद्रात. दुसरा वर्धेत, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. दोघांना नियम एकच, उताराचा. नशीब कुठे आडवं आलं नाही. फरक होता तो फक्त सुरुवातीच्या वीतभर जागेचा.

हवेत असा फरक किती महागात पडतो, ते १९६१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटीतले हवामानशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड लॉरेन्झ यांना ध्यानीमनी नसताना कळलं. बारा समीकरणांचं एक लुटुपुटुचं वातावरण त्यांनी संगणकावर चालवलं होतं. त्यातला एक भाग पुन्हा बघायचा म्हणून छापील कागदावरचे आकडे यंत्रात भरले आणि ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने आले तोवर यंत्राने दोन महिन्यांचं हवामान काढलं होतं, पण आधीच्याशी त्याचा काही मेळच नव्हता. त्यांना वाटलं, यंत्रातली एखादी निर्वात नळी उडाली. यंत्र ठणठणीत होतं. त्याच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, कागदावर छापला होता ०.५०६. चार हजारांत एक भाग एवढी तफावत! ती साधारण दर चार दिवसांनी दुप्पट होत गेली आणि शेवटी दोन्ही हवामानांची ओळखही उरली नाही. १९६३ मध्ये त्यांनी यावर निबंध छापला. बरीच वर्षं हवामानवाल्यांपलीकडे तो फारसा कुणी वाचला नाही.

फुलपाखराचं नाव नंतर आलं. ‘ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख फडफडवले तर टेक्सासात वादळ येतं का?’ हे १९७२ च्या भाषणाचं प्रसिद्ध शीर्षक लॉरेन्झ यांचं नव्हे, हवामानशास्त्रज्ञ फिलिप मेरिलीझ यांनी दिलेलं. लॉरेन्झ आधी समुद्रपक्ष्याचा दाखला देत. आणि फुलपाखरू वादळ आणतं, असं ते म्हणालेच नाहीत. आणू शकत असेल तर तितकंच थोपवूही शकेल, असं त्याच भाषणात आहे. हे सहसा कुणी सांगत नाही.

आता माझ्या दाखल्यातली खोट सांगतो. मुलताईची धार जागची हलत नाही, हवेतली हलते. वैशाखात जळगावला उद्या ऊन तापेल, हे सांगायला प्राध्यापक लागत नाही. त्या दिवसांत हवा खोल दरीत असते. पण बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशात शिरलं, की आपण धारेवर. ते शंभरेक किलोमीटर वर सरकलं तर पाणी नर्मदेला, खाली सरकलं तर तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडायची वेळ.

म्हणून हल्ली एक अंदाज काढत नाहीत, मुद्दाम सुरुवात किंचित बदलून अनेक काढतात. युरोप-अमेरिकेत हे १९९२ च्या डिसेंबरपासून रोजचं काम झालं. आपल्याकडे २०१८ मध्ये नकाशावर साधारण दर १२ किलोमीटरला एक बिंदू, अशा जाळीवर असे २१ अंदाज काढायला सुरुवात झाली. एकवीसही एकाच बाजूला गेले तर हवा दरीत आहे. निम्मे इकडे, निम्मे तिकडे झाले तर धारेवर. नाना, तुमचे चाळीस टक्के ढोबळमानाने इथून येतात. ती आमची टाळाटाळ नव्हे, हवेची त्या दिवसाची स्थिती आहे.

मग कुणी विचारेल, पंधरवड्यापलीकडचा दिवस सांगता येत नाही, तर अख्ख्या पावसाळ्याचा अंदाज कोणत्या तोंडाने देता? अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी आणि आपल्या उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातले जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये याचं उत्तर मांडलं. उष्ण कटिबंधात ऋतूची सरासरी बरीचशी समुद्राच्या तापमानावर, जमिनीच्या ओलीवर ठरते, आणि समुद्र हवेसारखा घडीघडीला मन बदलत नाही. त्यामुळे हंगाम कसा जाईल याचा अदमास बांधता येतो. तुमच्या बागेवर १२ जुलैला काय होईल, त्याचा नाही.

नाना, घड मंगळवारी उतरवायचेत ना? आजचे एकवीस अंदाज दोन बाजूंना विभागलेले आहेत. रविवारी रात्री मला फोन करा.