विमान मोडीत कधी निघतं?

[दृश्य: पहाट. कोरडं पठार. रांगेत उभी असलेली प्रचंड विमानं.]

स्पेनमधलं तेरुएल. समुद्रसपाटीपासून साधारण एक हजार मीटर उंचीवरचं पठार. पाऊस बेताचा, हवा कोरडी, जमीन टणक. विमानतळ आहे, धावपट्टीही चांगली लांब आहे, पण चेक-इनची रांग नाही, सामानाचे सरकते पट्टे नाहीत. इथे प्रवासी येतच नाहीत. येतात ती रिकामी विमानं.

जरा जवळ जाऊन बघू. इंजिनांची तोंडं कापडाने घट्ट झाकलेली आहेत, कारण उघडं इंजिन दिसलं की पक्षी त्यात घरटं बांधतात. आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या आहेत. कॉकपिटच्या काचांवर ऊन परतवणारा चंदेरी पडदा आहे. नाकाजवळ हवेचा वेग मोजणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांवर टोपणं घातलीत आणि टोपणांना लाल पट्ट्या लोंबताहेत. उड्डाणाआधी ती काढायची राहू नयेत म्हणून.

आणि खाली चाकं. एअरबस ए३८० ला बावीस चाकं असतात. विमान रिकामं असलं तरी पावणेतीनशे टनांच्या घरातलं वजन त्या बावीस चाकांवर असतं. महिनोन् महिने एकाच जागी उभं राहिलं तर टायर खालून चपटे होतात, म्हणून ठरावीक दिवसांनी ती थोडी फिरवावी लागतात. ज्या विमानाला कुठे जायचंय हे अजून कुणालाच माहीत नाही, त्याची चाकंसुद्धा वेळापत्रकानुसार फिरवली जातात, आणि फिरवल्याची नोंद वहीत होते.

एवढी निगा कशासाठी? यातली बहुतेक विमानं बिघडलेली नाहीत. उद्या कुणी विकत घ्यायला आलं, तर ती उडाली पाहिजेत.

[दृश्य: विमानाच्या पत्र्याचा जवळून फोटो. रिव्हेटांच्या ओळी.]

विमानाचं वय आपण वर्षांत मोजतो. या व्यवसायातली माणसं आणखी दोन आकडे विचारतात: किती तास उडालं, आणि किती वेळा उडालं. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने विमानाचं धड किंचित फुगतं, उतरताना पुन्हा पूर्ववत होतं. पत्रा थकतो तो या फुगण्या-आवळण्याने.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरून जाणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत हवेतच उखडलं. एका हवाई सेविकेचा जीव गेला. वैमानिकांनी तशा अवस्थेत विमान उतरवलं, म्हणून बाकीचे वाचले. ते विमान एकोणीस वर्षांचं होतं आणि जेमतेम साडेपस्तीस हजार तास उडालेलं होतं, पण या बेटावरून त्या बेटावर अशा छोट्या फेऱ्या करत त्याने ८९,६८० उड्डाणं केली होती. जुन्या विमानांची तपासणी कशी करायची, याचे नियम या अपघातानंतर बदलले.

लांब पल्ल्याच्या विमानाचं गणित याच्या उलट. दहा-बारा तासांचा एक प्रवास म्हटला, तर दिवसाला फार तर दोन उड्डाणं. वीस वर्षं रोज तेच केलं तरी आकडा पंधरा हजारांच्या आत राहतो. म्हणजे ज्या वयात विमान कंपनी त्याला निरोप देते, त्या वयात त्याचं धड पुष्कळदा धडधाकट असतं.

विमान थकण्याच्या आधी परवडेनासं होतं. आम्ही ही गोष्ट सांगायला घेतली ती यासाठी. 'शेवटचं उड्डाण' म्हणून पाण्याच्या फवाऱ्यांची कमान उभारली जाते, फोटो निघतात, कर्मचाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण त्या विमानाचा निकाल त्याआधी कधीतरी एका टेबलावर, आकडेमोडीच्या कागदावर लागलेला असतो.

[दृश्य: हँगर. सीटा काढलेलं, आतून उघडं विमान.]

हा निकाल बहुतेक वेळा एका ठरावीक टप्प्यावर लागतो. साधारण सहा ते बारा वर्षांनी प्रत्येक मोठ्या विमानाची सर्वांत मोठी तपासणी येते. हँगरमध्ये घेऊन त्यातल्या सीटा, भिंतींची पॅनेलं, स्वयंपाकाचे ओटे, शौचालयं, सगळं बाहेर काढतात. उरतो उघडा सांगाडा. मग इंचाइंचाने गंज शोधायचा, तडे शोधायचे. विमान आठवडेच्या आठवडे जमिनीवर, आणि खर्च लाखो डॉलरचा. लँडिंग गिअर, म्हणजे चाकं आणि त्यांची सगळी यंत्रणा, साधारण दहा वर्षांनी पूर्ण उतरवून दुरुस्त करावं लागतं, ते वेगळं. तिसऱ्या मोठ्या तपासणीची वेळ आली, इंजिनंही दुरुस्तीला आली, की मालक विचारतो: एवढा पैसा घालून हे विमान मला आणखी किती वर्षं कमावून देणार?

त्यात इंधन. एअरबस ए३५० आणि बोइंग ७८७ ही विमानं आधीच्या पिढीपेक्षा वीस ते पंचवीस टक्के कमी इंधन जाळतात, असं त्यांचे उत्पादक सांगतात. बारा तासांच्या उड्डाणात हा फरक फार मोठा होतो.

एअरबसच्याच ए३४० ला हाच फरक भोवला. १९९१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हा चार इंजिनं ही त्याची जमेची बाजू होती, कारण दोन इंजिनांच्या विमानांना महासागरावरून सरळ जायला कडक मर्यादा होत्या. पण १९८५ पासून त्या सैल होत होत्या. आधी जवळच्या विमानतळापासून १२० मिनिटांच्या अंतरापर्यंत, मग १८० मिनिटांपर्यंत. दोन इंजिनांचं बोइंग ७७७ तोच प्रवास करू लागल्यावर जास्तीची दोन इंजिनं म्हणजे जास्तीचं इंधन आणि दुप्पट देखभाल, एवढंच उरलं.

याच ए३४० चा एक व्यवहार सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९९ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने बोइंगकडून नवी ७७७ घेतली, आणि त्या सौद्यात बोइंगने त्यांची सतरा ए३४० विमानं स्वतःकडे घेतली. प्रतिस्पर्ध्याची विमानं, जवळजवळ नवीन. आपलं विमान विकायचं तर गिऱ्हाइकाच्या दारातलं आधीचं विमान उचलावं लागतं, हे बोइंगला पक्कं ठाऊक होतं. पुढे त्यातली आठ एमिरेट्सकडे गेली, काही कॅथे पॅसिफिककडे.

[दृश्य: रंग खरवडलेली, पांढरी शेपटी.]

जुनं विमान घेतं कोण?

आधी ते मुळात कुणाचं असतं हे पाहू. जगातली जवळपास निम्मी प्रवासी विमानं भाडेपट्ट्यावर आहेत. शेपटीवर चिन्ह एका कंपनीचं, मालकी दुसऱ्याच कुणाची. करार संपला की विमान मालकाकडे परत जातं. तेव्हा तपासनीस येतात आणि शब्दशः एकेक सीट बघतात, कारण विमान कोणत्या अवस्थेत परत द्यायचं हे करारात बारकाईने लिहिलेलं असतं. मग शेपटीवरचं चिन्ह रंगाखाली जातं, आणि मालक नवं गिऱ्हाईक शोधायला लागतो.

भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे मालवाहतूक. धडाच्या डाव्या बाजूला पुढे मोठं भगदाड पाडून तिथे मालाचा दरवाजा बसवतात. आतली जमीन मजबूत करतात, खिडक्या बुजवतात. वैमानिकांच्या मागे भक्कम आडोसा उभारतात, जोराचा ब्रेक लागला तर टनावारी माल पुढे येऊ नये म्हणून. जर्मनीत ड्रेस्डेनला ए३३० चं असं रूपांतर होतं. पहिलं विमान २०१७ मध्ये डीएचएल या मालवाहतूक कंपनीला मिळालं. बोइंग ७७७-३००ईआर च्या रूपांतराचं काम इस्रायलमध्ये २०१९ साली हाती घेतलं गेलं. मालवाहू विमान दिवसाला कमी तास उडतं, त्यामुळे इंधनाची उधळपट्टी तिथे खपून जाते. प्रवाशांच्या कामातून गेलेलं विमान अशी आणखी पंधरा-वीस वर्षं काढू शकतं.

काही गिऱ्हाइकं दिवसाढवळ्या येत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये, एकेकाळी टर्किश एअरलाइन्सकडे असलेली चार ए३४० जोहान्सबर्गहून निघाली. कागदोपत्री उझबेकिस्तानला. उतरली इराणमध्ये, जिथे निर्बंधांमुळे विमानं सरळ विकत मिळत नाहीत.

आणि काहींना गिऱ्हाईकच मिळत नाही.

[दृश्य: सिडनी, २००७. गर्दी. उतरणारं ए३८०.]

२५ ऑक्टोबर २००७. सिंगापूर ते सिडनी. ए३८० चं पहिलं व्यावसायिक उड्डाण. कारखान्यातला क्रमांक ००३. दहा वर्षांनी भाडेपट्टा संपला आणि २०१७ मध्ये ते मालकाकडे, एका जर्मन गुंतवणूक कंपनीकडे, परत गेलं. दहा वर्षं म्हणजे अशा विमानाच्या आयुष्याची अर्धीही नाहीत. पण घेणार कोण? पाचशेच्या आसपास सीटा रोज भरायच्या, चार इंजिनं सांभाळायची, एवढ्या पंखांना जागा असलेले विमानतळ मोजके. माल वाहायला न्यावं तर दोन मजली रचना आडवी येते. याच तुकडीतलं आणखी एक विमान पोर्तुगालच्या हाय फ्लाय कंपनीने घेऊन पाहिलं. २०२० च्या अखेरीस त्यांनीही सोडलं.

क्रमांक ००३ फ्रान्समध्ये तार्ब इथे सुटं केलं गेलं. ज्याच्या पहिल्या तिकिटांचा जगभर लिलाव झाला होता, ते विमान.

मोडणं म्हणजे कटर घेऊन तुटून पडणं नव्हे. आधी इंजिनं उतरतात, कारण जुन्या विमानाची निम्म्याहून जास्त किंमत पुष्कळदा त्यांतच असते. मग शेपटीतलं छोटं इंजिन, लँडिंग गिअर, कॉकपिटमधली उपकरणं, पंप, झडपा, संगणक. हत्ती जिवंत असला तर लाखाचा आणि मेला तर सव्वा लाखाचा म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू पडतं: उडणाऱ्या विमानाला जेवढे पैसे कुणी देत नाही, त्याहून जास्त कधीकधी त्याच्या सुट्या भागांचे मिळतात. उरलेला अॅल्युमिनिअमचा सांगाडा शेवटी मोठ्या जबड्याच्या यंत्रापुढे जातो.

प्रत्येक भागाला चिठ्ठी लागते. कोणत्या विमानातून काढला, किती तास, किती उड्डाणं. इंजिनातल्या चकत्यांसारख्या भागांना तर आयुष्य ठरवून दिलेलं असतं, आणि त्यांची पहिल्या दिवसापासूनची सलग नोंद लागते. मधल्या दोन वर्षांचे कागद गहाळ असतील, तर चकचकीत दिसणारा भागही भंगारात. हा नियम जाचक वाटेल, पण तो तसाच असायला हवा. २०२३ मध्ये सीएफएम५६ या, जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इंजिनांपैकी एकाच्या सुट्या भागांसोबत बनावट कागदपत्रं सापडली. मग कितीतरी कंपन्यांना इंजिनं उघडून ते भाग शोधून काढावे लागले.

याच २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्टविक इथे दोन बोइंग ७८७ सुटी केली गेली. जेमतेम दहा वर्षांची विमानं. सुट्या भागांना एवढी मागणी होती. पण ७८७ चं साधारण निम्मं वजन कार्बन फायबर आणि तत्सम मिश्र पदार्थांचं आहे. अॅल्युमिनिअम वितळवून पुन्हा कामाला येतं, हा पदार्थ तसा वितळत नाही. जी विमानं आज इंधन वाचवतात, त्यांचा सांगाडा उद्या कुठे ठेवायचा, याचं पुरेसं चांगलं उत्तर अजून हाती नाही. ही विमानं शेकड्यांनी निवृत्त होण्याआधी ते शोधायला हवं.

[दृश्य: २०२०. रिकामे विमानतळ. टॅक्सीवेवर दाटीने लावलेली विमानं.]

२०२० च्या वसंतात जगातली बहुतेक विमानं जमिनीवर आली. ब्रिटिश एअरवेजने जुलैमध्ये उरलेली सगळी, म्हणजे एकतीस, बोइंग ७४७ एकदम निवृत्त केली. ए३८० तर संपलंच, असं जवळजवळ सगळे म्हणत होते. जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीकडे चौदा होती. सहा एअरबसला परत विकली, उरलेली आठ लांबच्या साठवणीत गेली. काही इथेच, तेरुएलला.

मग प्रवासी परतले, सगळ्यांच्या अंदाजापेक्षा लवकर. आणि नवी विमानं वेळेवर येईनात. बोइंगच्या ज्या नव्या पिढीच्या ७७७ च्या भरवशावर जुनी विमानं काढायची होती, ते २०२० मध्ये सेवेत येणार होतं. ते वर्षानुवर्षं लांबत गेलं. टेबलावरचा तो कागद पुन्हा उघडला गेला. या वेळी उत्तर वेगळं आलं.

डिसेंबर २०२२. तेरुएल. एका ए३८० च्या इंजिनांवरची झाकणं निघाली. नळ्यांवरची टोपणं, लाल पट्ट्यांसकट, मोजून काढली गेली. विमान धावपट्टीवर आलं आणि फ्रँकफर्टच्या दिशेने उडालं. वर गेल्यावर लँडिंग गिअर आत जाईना. वैमानिकांनी ही शक्यता आधीच धरून ठेवली होती. त्यांनी परत फिरण्याऐवजी तसंच पुढे जायचं ठरवलं. खाली उतरवलेल्या बावीस चाकांसह ते विमान स्पेन आणि फ्रान्स ओलांडून फ्रँकफर्टला पोहोचलं.

पुढच्या जूनमध्ये लुफ्तान्साचं ए३८० म्युनिकहून पुन्हा प्रवासी घेऊन निघालं.