हद्दीवर नजर ठेवून वाचा: ‘दोन्या बार्बारा’

नमस्कार मंडळी. आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय. ‘दोन्या बार्बारा’, लेखक रोमुलो गाल्येगोस, देश व्हेनेझुएला. 1929 साली ती बार्सेलोनात छापून आली. शहरातून परतलेला वकील आणि माळरानावरची जुलमी जमीनदारीण यांची झुंज, अशी तिची ओळख करून देतात. ओळख खोटी नाही. पण तेवढंच डोक्यात ठेवून वाचायला बसलात तर पात्रं लाकडी वाटतील, कारण त्यांची नावंच तशी आहेत. जमीनदारीण ती बार्बारा, म्हणजे रानटी. वकिलाचं आडनाव लुसार्दो, त्यात ‘लूस’ म्हणजे उजेड. त्याच्या वाडीचं नाव आल्तामिरा, उंचावरून पाहणारी. तिच्या वाडीचं नाव एल मिएदो, म्हणजे भीती. एक अमेरिकन माणूस आहे, तो तर चक्क मिस्टर डेंजर!

म्हणून नावांकडे थोडं दुर्लक्ष करा आणि जमिनीच्या हद्दीकडे बघा. कादंबरीचा खरा जीव तिथे आहे.

(पडद्यावर नकाशा: आपुरे प्रांत, आराउका नदी)

हा मुलूख ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. याला यानोस म्हणतात. पावसाळ्यात नजर जाईल तिथवर पाणी, कोरड्या दिवसांत करपलेलं गवत आणि वणवे. मैदान उघडं, कुंपण नाही, गुरं मोकाट. मग गाय कुणाची हे ठरवायचं कसं? तापल्या लोखंडाच्या डागावरून. ज्या वासराला डाग पडलेला नाही त्याला ओरेहानो म्हणतात, आणि ते जो आधी पकडेल त्याचं होऊन बसतं. शेजाऱ्याची वासरं आपल्या डागाखाली आणायची चोरी इथूनच सुरू होते.

आता जमिनीची चोरी. आपल्याकडे बांध कोरतात ना, तसंच, पण प्रमाण फार मोठं. माकानियाल नावाच्या जागी हद्दीची खूण म्हणून एक घर धरलंय. बार्बाराची माणसं ते घरच उचलून आल्तामिराच्या जमिनीत पुढे नेऊन उभं करतात. घर सरकलं की हद्द सरकली! बळकावण्याची दुसरी तऱ्हा कागदाची. लोरेन्सो बार्केरो या शिकलेल्या माणसाला ती नादी लावते, त्याची जमीन खोट्या विक्रीखतानं घेते आणि त्याला दारूत बुडालेला सोडून देते. मारिसेला ही त्या दोघांची मुलगी, आईनं टाकलेली. गावठी बंदुकीपेक्षा इथे दस्तऐवज जास्त माणसं गारद करतो, हे गाल्येगोस फार बारकाईनं दाखवतात.

सगळ्यात चांगलं प्रकरण सरकारी कचेरीतलं. ते सावकाश वाचा. सांतोस लुसार्दो कायद्याचं पुस्तक घेऊन न्यो पेर्नालेते या अंमलदारासमोर जातो. मागणी साधी: शेजारणीनं आपल्या रानात गुरं गोळा करू द्यावीत, म्हणजे कुणाची कोणती ते वेगळं करता येईल. कायदा त्याच्या बाजूनं आहे. पण तो मोडला तर दंड किती, कैद किती, याचा त्यात पत्ताच नाही. कायदा नुसता सांगतो, करून घेत नाही. आणि तो बार्बाराच्या सोयीनं करून घेतलेला, म्हणून लोक त्याला तिचाच कायदा म्हणतात. अंमलदाराचा चिटणीस मुहिकिता सांतोसचा कॉलेजातला सोबती. त्याला सगळं कळतं, पण नोकरीपुढे त्याची मान वर होत नाही. अंधाधुंदी म्हणजे कायदा नसणं, असं आपण समजतो. इथे कायदा आहे, कचेरी आहे, शिक्का आहे. तरी अंधाधुंदी आहे!

सांतोसचा उपाय एकच, तारेचं कुंपण. त्यातही पाचर बसते. एका पट्ट्यात कुंपण घालणार नाही असं त्याच्या घराण्याकडून पूर्वी लिहून दिलेलं असतं, आणि तो कागद मिस्टर डेंजर पुढे करतो.

इथे बरेच वाचक एक चूक करतात: सांतोसला धुतल्या तांदळासारखा मानतात. तो तसा नाही. कायद्यानं भागत नाही म्हटल्यावर तोही पिस्तूल हातात घेतो. शेवटाकडे एक माणूस त्याच्या समोर मरतो आणि आपण खुनी झालो म्हणून तो खचतो. त्याला सावरते ती मारिसेला. जिला त्यानंच बोलायला-वागायला शिकवलं, ती त्याला जखम कुठल्या बाजूला आहे ते विचारते आणि गोळी त्याची असूच शकत नाही हे दाखवून देते. शिकवणारा आणि शिकणारी यांची अदलाबदल होते, ते पान फार सुंदर आहे.

लेखकाबद्दल थोडंसं. 1927 च्या एप्रिलमध्ये ते आपुरेत गेले, तेही मोजक्या दिवसांसाठी. देशावर तेव्हा हुआन विसेन्ते गोमेसची हुकूमशाही होती, म्हणून न्यो पेर्नालेतेकडे नुसता गावचा अंमलदार म्हणून पाहू नका. पुढे 1948 च्या फेब्रुवारीत गाल्येगोस स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच नोव्हेंबरात लष्करानं त्यांना खाली खेचलं.

स्पॅनिश येत नसेल तर रॉबर्ट मलॉय यांचं 1931 चं इंग्रजी भाषांतर घ्या. सुरुवातीला आराउका नदीतून वर चढणारी होडी येते. तिथेच वहीत दोन वाड्या आणि मधली रेघ काढून ठेवा. रेघ जिथे जिथे हलेल तिथे खूण करत चला.