टेकडीवर जा, पण बसा

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात टेकडीवर जाणाऱ्यांना तोटा नाही. वेताळ टेकडी म्हणा, हनुमान टेकडी म्हणा, तळजाई म्हणा, सकाळी साडेसहाला वर्दळ ठरलेली. त्यातले बरेच जण मोबाइलवरची पावलं मोजत चढतात आणि शेअर बाजारावर वाद घालत उतरतात. व्यायाम झकास होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मन निवायला हवं असेल, तर कुठेतरी एका जागी बूड टेकावं लागतं.

किती वेळ? २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात निसर्गात २० ते ३० मिनिटं घालवल्यावर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, सर्वांत झपाट्याने उतरलेलं दिसलं. त्यापुढेही ते उतरतं, पण धिम्या गतीने. तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा.

जागा मात्र पारखून घ्या. गिरिपुष्पाच्या सलग लागवडीखाली बसू नका. उन्हाळ्यात त्याला पान नसतं, सावली नसते आणि पाखरांची ये-जाही कमीच. गवत संपून झुडपं सुरू होतात ती कड उत्तम. रुळलेली पायवाट सोडू नका, ऊन पाठीवर घ्या. दगडावर बसण्याआधी काठी आपटा आणि कपारीत हात घालू नका. आपल्या टेकड्यांवर फुरसं असतं, आणि ते दगडाखालीच दडतं. वर आग्यामोहोळ नाही ना, तेही पाहा. उग्र अत्तर, धूर, दोन्ही नको.

आता बसलात. पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी जातात. तुमच्या चाहुलीने आसपासची पाखरं गप्प झालेली असतात आणि डोक्यात घराचा हप्ता, नाहीतर कालचं भांडण चालू असतं. ‘इथे काहीच नाही’ म्हणत लोक उठतात ते नेमके याच वेळी. थोडा दम धरा. तुम्ही हलत नाही हे कळलं की बुलबुल, शिंपी, नाचरा आपापल्या कामाला लागतात. तोवर विचार हाकलायच्या भानगडीत पडू नका, कानाला काम द्या. सगळ्यात लांबचा आवाज शोधा, बहुधा पौड रस्त्यावरचा हॉर्न सापडेल. मग त्याच्या अलीकडचा, मग अगदी जवळचा.

तांबट सापडला तर सोडू नका. एकसुरी ‘टुक टुक टुक’ चालू असतं, पण चोच मिटलेली! प्रत्येक टुकेला गळा फुगतो आणि बसतो. मध्येच तो मान वळवतो, म्हणून आवाज वेगळ्याच झाडावरून आल्यासारखा वाटतो. त्याचा गळा बघत पाच मिनिटं जातात आणि घराच्या हप्त्याची आठवणही होत नाही. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी हीच आहे: मुद्दाम रोखून धरलेलं लक्ष थकतं, अशा ठिकाणी ते आपोआप, हलकेच गुंततं, आणि थकलेल्या भागाला उसंत मिळते.

मोबाइल काढलात की हे सगळं मोडतं. फोटोसाठी हात हलला की पाखरू उडालं. पक्ष्याचं नाव शोधायचं तर घरी गेल्यावर शोधा. बोलका मित्रही नकोच, त्याच्याबरोबर चहा प्या.

पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पाय घसरतो, तेव्हा तळव्याला खाचा असलेले बूट घाला. वळवाचे ढग जमले की माथा सोडून लगेच खाली उतरा. एकट्या झाडाखाली थांबणं म्हणजे विजेला आमंत्रण.

गुडघे कुरकुरत असतील तर एम्प्रेस गार्डन आहे, सोसायटीतला जुना आंबाही चालतो. तिथे खुर्ची खुशाल न्या. कंबर दुखायला लागली की तांबटाकडे कोण बघतंय?